पाटावरचं पिस्तूल

आमच्याकडे मिक्सर घ्यायला चार महिने लागले होते, त्यामुळे पिस्तूल घ्यायला आठ लागले यात मला तरी काही वावगं वाटलं नाही. मी मूळचा पुण्याचा, पेशाने डेटाबेसवाला, आणि टेक्ससमधल्या फ्रिस्कोत येऊन मला पंचवीस वर्षं होऊन गेली. या पंचवीस वर्षांत आमच्या घरात आलेली प्रत्येक वस्तू आधी माझ्या स्प्रेडशीटमधून गेली आहे. गादी, गवत कापायचं यंत्र, मुलीचं कॉलेज, सगळं. बायको म्हणते, आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्याकडे कॉम्प्युटर नव्हता म्हणून तिचा नंबर लागला, नाहीतर मी अजून तुलनाच करत बसलो असतो.

पिस्तुलाचं खूळ डोक्यात शिरलं ते एका चोरीमुळे. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एक मराठी कुटुंब राहतं. ते लग्नाला गेलेले असताना कुणीतरी त्यांचं मागचं दार फोडून सगळं सोनं नेलं. आपल्या लोकांच्या कपाटात काय असतं हे आता चोरांनाही कळलं आहे. त्या आठवड्यात इथल्या मराठी मंडळातल्या पुरुषांची भाषाच बदलली. जे आदल्या महिन्यापर्यंत गणपतीच्या मोदकांची ऑर्डर कुणाला द्यायची यावर हमरीतुमरीवर येत होते, ते आता कॅमेरे, कड्या आणि काडतुसं यांच्यावर अधिकारवाणीने बोलायला लागले.

बायकोने एकच मुद्दा काढला.

"चोर आले तेव्हा त्यांच्या घरात कुणीच नव्हतं. आपण लग्नाला गेल्यावर तुझं पिस्तूल घरात एकटं काय करणार आहे? सोन्याबरोबर तेही नेतील."

मुद्दा बिनतोड होता. म्हणून मी म्हणालो की तुला टेक्निकल गोष्टी कळत नाहीत.

खरं कारण वेगळं होतं आणि ते मी तिला सांगितलं नव्हतं. चोरीनंतर आठवड्याभराने, भर दुपारी, मी घरून काम करत असताना आमच्या पुढच्या दाराची मूठ कुणीतरी फिरवली. एकदा, दोनदा. मी स्वयंपाकघरातून लाटणं उचललं आणि दाराशी जाऊन उभा राहिलो. बाहेर शेजाऱ्यांकडे घर साफ करायला आलेला एक माणूस होता, घर चुकला होता. काचेतून मला बघून त्याने चारदा सॉरी म्हटलं आणि निघून गेला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस लाटणं धरून उभा आहे, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. मला भीती वाटली होती आणि त्या भीतीची लाज वाटली होती. असा माणूस मग दुकानात जातो.

आमच्यापासून तीन घरं सोडून माझा नागपूरचा मित्र राहतो. त्याच्याकडे चार बंदुका आहेत आणि एक काउबॉय हॅट. हॅट तो मंडळाच्या कोजागिरीलाही घालतो. त्याला सल्ला विचारला तर त्याने तो दीड मिनिटात दिला.

"काय लावलं आहेस बे तू? नाइन एमएम घे, पॉलिमर फ्रेमची घे, डोळे मिटून. सगळेच घेतात यार."

सगळेच घेतात, हे पुण्याच्या माणसाला सांगायचं वाक्य नव्हे. मी घरी येऊन अभ्यासाला बसलो आणि मला एका नव्या कॅलिबरचा शोध लागला. कॅलिबर म्हणजे गोळीची जाडी. हे नवं कॅलिबर नऊ मिलिमीटरपेक्षा जरा बारीक होतं, पण ताकदीला जवळजवळ तेवढंच. बारीक असल्यामुळे त्याच आकाराच्या मॅगझिनमध्ये दोन गोळ्या जास्त मावत होत्या. तेवढ्याच जागेत दोन जास्त! सुटकेस भरताना जो आनंद आम्हाला होतो तोच मला त्या आकडेवारीने झाला. घरात शिरणाऱ्या चोराला मला नक्की किती गोळ्या घालायच्या आहेत, हा प्रश्न तेव्हा मनात आला नाही.

मग आला फ्रेमचा प्रश्न. पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग आणि नळी पोलादाचीच असते. खालचा भाग, म्हणजे मूठ आणि घोडा ज्यात बसवलेले असतात ती फ्रेम, ती एकतर धातूची असते नाहीतर पॉलिमरची. पॉलिमर म्हणजे कितीही नटवलं तरी प्लास्टिक. आणि आमच्या घरात प्लास्टिकच्या डब्यात फक्त दुसऱ्यांना द्यायची भाजी जाते.

दुकानात काउंटरमागे साठीची एक बाई होती. चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला, मला 'हनी' म्हणायची. तिने माझ्यापुढे रबरी चटईवर तीन पिस्तुलं मांडली. एक पॉलिमर फ्रेमचं, एक ॲल्युमिनियमचं, एक पोलादी. मी वही काढली. धक्का कुणाचा किती, गंज कशाला चढतो, घामाने काय होतं, थंडीत हाताला कसं लागतं, पन्नाशीनंतरच्या मनगटाला काय सोसतं. बाई शांतपणे उत्तरं देत होती. पॉलिमर हलकं, गंजत नाही, स्वस्तही. पण हलकं असल्यामुळे उडवताना हाताला हिसका जास्त. धातूचं जड, म्हणून धक्का आतल्या आत जिरतो आणि दुसरी गोळी पहिलीच्या आसपास लागते.

"कमरेला लावणार की घरी ठेवणार?" तिने विचारलं.

"घरी."

"मग हनी, वजनाची चिंता कशाला? तुला ते कपाटापासून दारापर्यंतच न्यायचंय."

मी ते लिहून घेतलं आणि स्प्रेडशीटमध्ये वजनाला तरीही शंभरातले पंधरा गुण ठेवले. एकदा घातलेली ओळ अशी मोडवत नाही.

एका शनिवारी मित्राने मला नेमबाजीच्या रेंजवर नेलं. कानांवर मोठे गोल मफ्स लावून मी भाड्याचं पॉलिमरचं पिस्तूल उडवलं. माझ्या कागदाला एकही भोक पडलं नाही, शेजारच्या माणसाच्या कागदाला एक जास्तीचं पडलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. धातूच्या फ्रेमचं घेतल्यावर मात्र दहातल्या तीन गोळ्या माझ्याच कागदावर लागल्या. ही सगळी परीक्षा नाइन एमएमवर झाली, कारण नव्या कॅलिबरचं पिस्तूल रेंजवर भाड्याने मिळतच नव्हतं. का मिळत नसावं, याचा विचार तिथेच करायला हवा होता.

सव्वीस ओळींची बेरीज केली तेव्हा पॉलिमर थोडक्यात जिंकलं. मी बेरीज पुन्हा केली. पुन्हा तेच जिंकलं. आणि मग मला खंडेनवमी आठवली.

दर खंडेनवमीला मी आमच्या हॉलमध्ये पाट मांडतो आणि त्यावर घरातली शस्त्रं ठेवतो. शस्त्रं म्हणजे विळी, स्क्रू ड्रायव्हर, ड्रिल, गाडीची किल्ली आणि माझा लॅपटॉप. त्यांना हळदकुंकू, झेंडू, अक्षता. पंचवीस वर्षं लॅपटॉपला गंध लावणाऱ्या माणसाच्या घरात पहिल्यांदाच खरंखुरं शस्त्र येणार आणि ते प्लास्टिकचं? त्याला कुंकू कसं लावायचं? मन धजेना. मी वजनाचे गुण कमी केले, 'भारदस्तपणा' नावाची सत्ताविसावी ओळ घातली आणि धातूला जिंकवलं. आयुष्यभर मी निर्णय असेच घेत आलो आहे, पण ते इतकं उघड कधी दिसलं नव्हतं.

दुकानात एक फॉर्म भरला. मी गुन्हेगार आहे का, वेडा आहे का, असले प्रश्न. सगळ्यांना 'नाही' लिहिलं. बाईने माझी माहिती कुठेतरी पाठवली आणि दहा मिनिटांत पोलादी पिस्तूल माझ्या हातात दिलं. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात माझ्या नाट्यछटेला सात मिनिटं मिळावीत म्हणून मी याहून जास्त फॉर्म भरले आहेत.

"आणि गोळ्या?" मी विचारलं.

बाईने चष्मा नाकावर चढवला. "त्या तुला मागवाव्या लागतील. येतात कधीकधी. मला वाटलं तू एवढा अभ्यास केलायस, तुला माहीत असेल."

सत्तावीस ओळींत 'मिळतं का' ही ओळ नव्हती. पाच दुकानं फिरलो, सगळ्या साइट धुंडाळल्या. जास्तीच्या त्या दोन गोळ्या सोडाच, एकही मिळेना. मित्र हॅट काढून हसला. मी पिस्तूल घरी आणून बेडरूमच्या कपाटात अगदी वरच्या खणात, शालींच्या खाली ठेवलं. कुलपाची पेटीही घ्यायची होती, पण तिची तुलना चालू होती.

सप्टेंबरात मुलीचा फोन आला तेव्हा मी गॅरेजमध्ये होतो. आमची मुलगी इथेच वाढलेली, आता विमानाने चार तास लांब, रेडमंडला असते, नवरा आणि अडीच वर्षांची लेक. नात चालायला लागल्यापासून पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला येणार होती, नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला, चांगले दहा दिवस. तिच्या आजीने जुन्या साड्यांची गोधडी शिवायला घेतली होती. माझ्या अभ्यासिकेतून मला हुसकावून तिथे छोटी खाट लागली होती. मीही रोज एकदा त्या खोलीत जाऊन उगाच उभा राहत असे.

"बाबा, क्विक क्वेश्चन," मुलगी म्हणाली. "डू यू गाइज हॅव अ गन इन द हाउस? आय आस्क एव्हरीवन. इट्स जस्ट ऑन माय लिस्ट."

ती यादी मला माहीत होती. पोरगी कुणाकडेही खेळायला जायची असली की ती विचारते, कुत्रा आहे का, पोहण्याच्या तलावाला कुंपण आहे का, बंदूक आहे का. विचारताना तिच्या आवाजात जराही संशय नव्हता. मी हो म्हणालो असतो तर तिने दुसरा प्रश्न विचारला असता, की कुलूप आहे का, आणि त्याचं उत्तर मला ठाऊक होतं.

"छे गं," मी म्हणालो. "आपल्याकडे कसली बंदूक?"

फोन ठेवल्यावर मी मनातल्या मनात वकिली सुरू केली. गोळ्या नसलेलं पिस्तूल म्हणजे बंदूक का? तो तर पेपरवेट. शिवाय ते दहा दिवस मी ते मित्राकडे नेऊन ठेवणारच होतो. म्हणजे ती येईल तेव्हा उत्तर खरंच झालेलं असेल, मी फक्त ते थोडं आधी दिलं. बायकोला यातलं काही सांगितलं नाही. तिला वाटत होतं, मुलीला पिस्तुलाचं माहीत आहे.

खंडेनवमी आली. सकाळी मी पाट मांडला, आणि शालींच्या खालून पिस्तूल काढताना माझ्या मनात खरोखर एक लहर आली की ठेवू नये. पण घरात शस्त्र असताना त्याला सोडून ड्रिलची पूजा करायची, हे मला जमेना. ज्याच्यासाठी म्हणून मी धातू घेतला होता तो हाच दिवस. मी पिस्तूल ड्रिलच्या मागे ठेवलं, पोलादावर हळदीकुंकवाची बोटं ओढली, अक्षता टाकल्या आणि वर झेंडूची इतकी फुलं रचली की खाली काय आहे ते कळू नये. मग आंघोळ राहिली होती ती करायला गेलो. पूजेआधी आंघोळ करायची असते, हेही मी त्या गडबडीत उलटं केलं होतं.

बायको दरवर्षी पाटाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकते. पुण्याला, नाशिकला, रेडमंडला. त्या दिवशीही तिने काढला. फुलांच्या ढिगात वस्तू दिसत नव्हत्या, म्हणून तिने फुलं बाजूला केली.

मी बाहेर आलो तोवर पुण्याहून उत्तरं येऊ लागली होती. आत्याने लिहिलं होतं, ड्रिल नवीन का रे? भावाने हात जोडले होते. वहिनीला रांगोळी आवडली होती. पाटावर पिस्तूल आहे हे त्या सगळ्या गोतावळ्यात कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. मग रेडमंडहून एक ओळ आली. ड्रिलच्या मागे काय आहे, असं तिने इंग्रजीत विचारलं होतं. त्याखाली लगेच दुसरी. नुसतं 'बाबा?'

फोन आला तेव्हा मी टॉवेलवरच होतो.

"यू सेड नो," ती म्हणाली.

"अगं, गोळ्या नाहीत त्यात. गोळ्या मिळतच नाहीत, ते कॅलिबरच असं आहे की…"

"दॅट्स नॉट व्हॉट आय आस्क्ड."

मी आणखी काही बोलत राहिलो. धातू, पॉलिमर, चोरी, दोन गल्ल्या. ती ऐकत होती. मग हळूच तिने मला विचारलं, मी दुसरीत असताना तुम्ही फ्रिजवर लावलेला स्टिकर आठवतो का? मला आठवत होता. सोनेरी तारा होता, वर्गात सगळ्यात शांत बसल्याबद्दल तिला मिळालेला. मी तो सगळ्यांना कौतुकाने दाखवायचो. आमची पोर किती शहाणी.

तो वर्गात शांत बसण्याचा नव्हता, ती म्हणाली. त्या दिवशी शाळेत सराव होता. दिवे घालवून, दाराला कुलूप लावून आम्हाला कोट ठेवायच्या कपाटात बसवलं होतं. बाहेर बंदूकवाला माणूस आहे असं समजायचं आणि श्वाससुद्धा आवाज न करता घ्यायचा. मी सगळ्यात छान लपले होते, बाबा.

हे ती शुद्ध इंग्रजीत बोलली, फक्त शेवटचं 'बाबा' आपलं. बावीस-तेवीस वर्षं ती ते पोटात ठेवून होती आणि मी तो तारा फ्रिजवर सरळ लागला आहे की नाही ते बघत होतो.

बायकोने फोनवरचं सगळं ऐकलं होतं. "तू तिला नाही म्हणून सांगितलंस?" एवढंच विचारलं आणि पुढचे चार दिवस ती माझ्याशी फक्त मिठापुरती बोलली, कमी आहे की बरोबर आहे.

त्या रात्री पिस्तूल तसंच पुन्हा शालींखाली गेलं आणि दुसऱ्याच दिवशी मी ते दुकानात परत नेलं. चष्मेवाल्या बाईने ते उचलून उजेडात धरलं. "हनी, हे पिवळं काय आहे?" हळद, मी म्हणालो. घोड्याच्या फटीतून तिने पिनेने तांदळाचे दोन दाणे काढले आणि काही न विचारता चटईवर ठेवले. या कॅलिबरचं कुणी घेत नाही, ती म्हणाली, पण फ्रेम छान आहे. जेवढे पैसे दिले तेवढे मी मुकाट घेतले. पावतीचा फोटो मुलीला पाठवला. तिने अंगठा पाठवला आणि 'थँक्स'. मला वाटलं, संपलं. वस्तू घरात नाही, प्रश्न मिटला.

आठवड्याने तिने आईला हॉटेलचा पत्ता पाठवला. आमच्यापासून दहा मिनिटांवर. लेक नव्या जागी नीट झोपत नाही, हॉटेलात बरं पडेल, असं लिहिलं होतं. बायकोने ती ओळ मला वाचून दाखवली आणि गोधडी घडी घालून कपाटात ठेवली. मी मुलीला फोन केला. घरात आता खरंच काही नाही, मी म्हणालो.

"आय नो, बाबा," ती म्हणाली. "बट यू सेड दॅट लास्ट टाइम टू."

ती आली त्या दिवशी थंडी होती. भाड्याची गाडी आमच्या दारात थांबली. मागच्या काचेतून नातीची लाल टोपी दिसत होती. बायको खिडकीशी धावली. जावई पोरीच्या शेजारी गाडीतच बसून राहिला. मुलगी एकटी आत आली, नेहमीसारखे बूट काढले, मला मिठी मारली. घट्ट मारली, तेही सांगायला हवं.

"आय नीड फाइव्ह मिनिट्स," ती म्हणाली. "आय हॅव टु लुक. सॉरी."

"बघ की," मी म्हणालो.

तिने स्वयंपाकघरापासून सुरुवात केली. एकेक खण उघडायचा, आत हात घालायचा, बंद करायचा. देवघराखालचं कपाट. जिन्याखालची जागा. तिच्या लहानपणी वाढदिवसाच्या भेटी मी कुठे लपवतो हे तिला नेहमी आधीच कळायचं, आणि आता ती नेमके तेच कोपरे बघत होती. मी तिच्या मागून पुढच्या पुढच्या खोलीतले दिवे लावत गेलो. बाहेरून नातीचं हसणं ऐकू येत होतं.

बेडरूमच्या कपाटातले खालचे दोन खण तिने पाहिले. सगळ्यात वरच्या खणापर्यंत तिचा हात पोचत नव्हता. तिने वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ती वळली. मला वाटतं, तिला माझी दया आली होती. तेवढा खण ती माझ्यासाठी सोडून देत होती.

"तो वरचा राहिला," मी म्हणालो.

मी स्टूल आणलं आणि ती चढल्यावर दोन्ही हातांनी धरून ठेवलं. तिने शाली एकेक करून उचलल्या. सगळ्यात खालच्या पांढऱ्या शालीवर हळदीचा पिवळा डाग होता, बोटभर लांब. तिने त्यावरून अंगठा फिरवला. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, लाटण्याच्या दिवशीसुद्धा नाही. खणाच्या तळाशी तिने हात कोपऱ्यापर्यंत नेला. काही नव्हतं.

"ओके," ती म्हणाली, खाली उतरली आणि लेकीला आणायला बाहेर गेली. मी स्टूल धरून तसाच उभा होतो.